जिद्द कमी पडत नाहीये गं, ती सगळी सोसण्यातच चाललीये

या वेळचं पत्र जरा कापून देतेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

"ताई, मी सेकंड इयरला आहे. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच, आईबाबा दोघांचीही शाळा मधेच सुटलेली. शाळेत मी कायम पहिल्या तिघांत असायचे. गेल्या सेमिस्टरला दोन विषय राहिले, त्यातला एक स्टॅटिस्टिक्स. आठवड्याला साधारण २८ तास काम करते, त्यातले थोडे पैसे घरी पाठवते. आता फीचा दुसरा हप्ता भरायचाय आणि तेवढे पैसे नाहीयेत. घरी सांगितलंय सगळं छान चाललंय. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पुस्तक घेऊन बसते पण डोक्यात काही शिरत नाही. वर्गात बाकीच्यांना सगळं आधीच माहीत असतं असं वाटतं, सर म्हणाले काही विचारायचंय का, की मी खाली बघते. माझ्यात जिद्द कमी आहे का? की हे आपल्यासारख्यांचं काम नाही असं समजून सोडून द्यावं? – दमलेली"

प्रिय दमलेल्या मुली,

तुझं पत्र चार वेळा वाचलं आणि चारही वेळा त्या एकाच वाक्यापाशी अडले, माझ्यात जिद्द कमी आहे का. आठवड्याला २८ तास काम, त्यावर पूर्ण वेळ कॉलेज, त्यावर घरी पैसे पाठवणं, आणि तरी रात्री दोनला पुस्तक उघडंच, आणि ही मुलगी विचारतेय जिद्द कमी आहे का. नाही गं. अजिबात नाही. मला तुझ्या पत्रात वेगळंच दिसलं. तू आईबाबांपासून निकाल लपवतेस, फीच्या खिडकीपासून तोंड लपवतेस, सरांपासून न समजलेलं लपवतेस, आणि वर्गातल्यांपासून बहुतेक तू काम करतेस हेही लपवत असशील (लिहिलं नाहीयेस, पण मला तसं वाटलं). लपवायलाही रोज ताकद लागते, अभ्यासाला लागते तेवढीच लागते. तुझी जिद्द संपलेली नाहीये, ती सगळीच्या सगळी एकटीनं सोसण्यात चाललीये, आणि त्यातली थोडी तरी आता विचारण्यात गेली पाहिजे. माझं म्हणणं एवढंच आहे, पुढे लिहितेय ते सगळं कसं करायचं त्याबद्दल.

मी हे बाहेरून बोलत नाहीये. मीही घरातली पहिलीच. फर्स्ट इयरला फीची तारीख उलटून गेली, बोर्डावरच्या यादीत माझं नाव लागलं, तर मी तीन आठवडे ऑफिस असलेल्या मजल्यावरून जायचंच बंद केलं. जिना बदलला. एका लेक्चरची खोली त्याच मजल्यावर होती म्हणून ते लेक्चरही सोडलं. शेवटी ऑफिसमधल्या एका बाईंनीच मला कॉरिडॉरमध्ये गाठलं, मला वाटलं आता सगळ्यांसमोर काढणार, तर त्या म्हणाल्या अगं हप्ते पाडून घ्यायचा अर्ज असतो, तो दिला असतास तर यादीत नावच आलं नसतं. एक पानाचा अर्ज होता तो. आणि त्या तीन आठवड्यांत जे लेक्चर बुडलं त्या विषयात मला वर्षभर धाप लागली. घरी येऊन खूप रडले, कारण असा अर्ज असतो हे मला माहीतच नव्हतं आणि हे ज्याला माहीत असेल असं घरात कोणी नव्हतं.

जिद्दीबद्दल अजून एक सांगते आणि मग तो विषय सोडू. मानसशास्त्रज्ञ अँजेला डकवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये 'ग्रिट' नावाची कल्पना मांडली, म्हणजे लांबच्या ध्येयाला चिकटून राहण्याची वृत्ती, आणि तेव्हापासून जो तो विद्यार्थ्यांना चिकाटी ठेवा चिकाटी ठेवा सांगत सुटलाय. पण २०१७ मध्ये मार्कस क्रेडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ६६ हजार लोकांवर झालेले अभ्यास एकत्र करून तपासले, तर या ग्रिटचा आणि यशाचा संबंध आहे, पण बेताचाच. त्याच क्रेडे यांनी २०१० मध्ये आणखी दोघांबरोबर कॉलेजच्या मार्कांवरचे बरेच अभ्यास एकत्र केले होते, त्यात वर्गातली हजेरी ही मार्कांचा अंदाज देण्यात प्रवेश परीक्षेच्या स्कोअरपेक्षाही सरस निघाली. साधी हजेरी! म्हणून मी वर त्या बुडवलेल्या लेक्चरचं एवढं दुःख केलं. तर स्वतःच्या मनाचं वजन करत बसू नकोस, तुझ्या आठवड्याकडे बघ, तो कुठे गळतोय ते बघ.

आता आधी पैसे, कारण त्याला तारीख आहे.

उद्या किंवा परवा फीच्या ऑफिसात जा. तारीख उलटायच्या आधी जा, हे फार महत्त्वाचं आहे गं, कारण आधी गेलेली मुलगी ही अडचण सांगणारी असते आणि नंतर गेलेली थकबाकीदार, माणसं तीच असली तरी कागदावर फरक पडतो. जाताना एक साधा अर्ज लिहून ने, दोन प्रती, एकीवर पोचीचा शिक्का आणि सही घे. अर्जात रडगाणं नको, इतकंच लिही की मी अमुक वर्गात आहे, दुसरा हप्ता अमुक तारखेला आहे, आत्ता माझ्याकडे एवढे आहेत, उरलेले या या तारखांना भरू शकते, तोवर परीक्षेचा फॉर्म आणि प्रवेश अडवू नये ही विनंती. आणि तोंडी चार गोष्टी विचार: हप्ते पाडून मिळतात का, उशिराचा दंड माफ होतो का, अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठी एखादा फंड आहे का, आणि माझ्या बाबतीत कुठली स्कॉलरशिप राहून गेलीये का. खिडकीवरचा माणूस नाही म्हणाला तर चिडू नकोस आणि परतही येऊ नकोस, "मग हे कोणाला विचारावं लागेल?" एवढंच विचार. पुष्कळदा खिडकीवरच्या माणसाला हो म्हणायचा अधिकारच नसतो, तो ज्याला असतो तो आतल्या खोलीत बसतो, आणि हे घरून सांगणारं कोणी असलं की मुलं थेट आत जातात, आपण बाहेरूनच परत येतो.

तुला वाटत असेल अशानं काय होणार आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीनं हिशोब काढून बघितला तर दर सत्रात कितीतरी मुलांचं नाव फी थकली म्हणून कमी होत होतं आणि त्यातल्या बऱ्याच जणांची थकबाकी अगदी थोडी होती, तेवढ्यावरून शिक्षण तुटत होतं. मग त्यांनी २०११ पासून ती थोडीशी तूट विद्यापीठानंच भरून द्यायची सोय सुरू केली, आणि त्यातली बहुतेक मुलं पुढे टिकली. सगळीकडे अशी सोय नसते हे मला माहीत आहे. पण कॉलेज सुटतं ते पुष्कळदा फार मोठ्या रकमेपायी नाही, चुकीच्या आठवड्यात कमी पडलेल्या छोट्या रकमेपायी, हे लक्षात ठेव. म्हणूनच तू आजच कळवायचंस, तूट छोटी आहे तोवर.

उसनवारीबद्दल एकच सांगते, मोबाइलवर पाच मिनिटांत मिळणारं कर्ज घेऊ नकोस. कर्ज घ्यायचंच झालं तर शिक्षणासाठीचं म्हणून जे रीतसर मिळतं ते, आणि त्यातही सही करायच्या आधी तीन गोष्टी वाच: व्याज आजपासून चालू होणार की कोर्स संपल्यावर, पहिला हप्ता कधी, आणि एखादा हप्ता चुकला तर काय. कळलं नाही तर समोरच्याला मोठ्यानं वाचून अर्थ सांगायला लाव. त्यात कसली आलीये लाज, सही तुझी होणार आहे.

आणि २८ तास. इथे मी जरा परखड बोलते. पूर्ण वेळ कॉलेज करून आठवड्याला वीस तासांच्या पुढे काम गेलं की मार्कांना फटका बसायला लागतो असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, आणि मी स्वतः जेवढ्या मुलामुलींना जवळून पाहिलंय त्यांच्यातही तेच दिसलं. तू आळशी नाहीयेस, तुझ्याकडे तासच नाहीयेत. ते २८ चे २० कसे होतील हे बघ, कॉलेजच्याच लायब्ररीत नाहीतर लॅबमध्ये काही काम मिळतंय का विचार, कारण मग येण्याजाण्याचा वेळ वाचतो आणि परीक्षेच्या काळात तिथले लोक समजून घेतात. ते नाहीच जमलं तर निदान परीक्षेआधीचे तीन आठवडे तास कमी करून मिळतील का हे मालकाला आत्ताच विचारून ठेव, ऐनवेळी नको. आणि एक विषय राहून गेल्यामुळे पुन्हा परीक्षेची फी, पुन्हा काही महिने, पुढे नोकरीला उशीर, हा सगळा हिशोब त्या जास्तीच्या आठ तासांच्या पगाराशेजारी कागदावर मांडून बघ. मी मांडला होता. काम सोडलं नाही मी, पण एक दिवस कमी केला.

आता ते डोक्यात शिरत नाही म्हणतेस ते. यात तुझ्या बुद्धीचा दोष कमी आणि त्या हप्त्याचा जास्त आहे. आनंदी मणी, सेंथिल मुल्लैनाथन, एल्डर शफीर आणि जियायिंग झाओ यांचा २०१३ चा एक प्रसिद्ध अभ्यास आहे, त्यात त्यांनी तामिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांची तोडणीच्या आधी, म्हणजे हात आखडता असताना, आणि तोडणीचे पैसे हातात आल्यावर अशी दोनदा चाचणी घेतली. माणूस तोच, शेत तेच, पण पैसे आल्यावर त्याची उत्तरं जास्त बरोबर आली. पैशाची काळजी डोक्यातली जागा अडवून बसते असं त्यांचं म्हणणं. नंतरच्या काही अभ्यासांत हा परिणाम दिसला नाही, उदाहरणार्थ पगाराच्या आधी आणि नंतर तपासलेल्या लोकांत फारसा फरक निघाला नाही, म्हणून मी याला ब्रह्मवाक्य म्हणत नाही. पण रात्री दोन वाजता पानावर डोळे आणि मनात हप्त्याची तारीख, हे काय असतं ते मला कुठल्या अभ्यासानं सांगायची गरज नाही आणि तुलाही नाही.

मग करायचं काय, तर ती काळजी डोक्यातून कागदावर उतरव. एक कोरा कागद घे आणि सत्र संपेपर्यंतच्या सगळ्या तारखा ओळीनं लिही, फी, भाडं, परीक्षेचा फॉर्म, पगार, घरी पाठवायचे पैसे. समोर रक्कम. कुठल्या आठवड्यात तूट आहे ते लगेच दिसतं. पैसे वाढत नाहीत त्यानं, मला माहितीये, पण रोज रात्री तोच हिशोब मनातल्या मनात पहिल्यापासून करणं थांबतं. आठवड्यातून एकदा अर्धा तास तो कागद उघडायचा, बाकीचे दिवस तो बंद.

आणि रात्री दोनचं वाचन बंद कर. हे मी प्रेमानं सांगतेय पण ठामपणे सांगतेय. पुस्तक उघडं ठेवून तेच तेच वाचलं की आपल्याला येतंय असं वाटत राहतं, आणि पेपरमध्ये हात थिजतो. मी तर नोट्स तीन-तीनदा उतरवून काढायचे, सुंदर अक्षरात, घरचे कौतुकानं बघायचे, आणि मार्क मात्र पडायचे नाहीत. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला, काहींनी तो पुन्हा वाचला आणि काहींनी पुन्हा न वाचता, आठवेल तेवढं कागदावर लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तर वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के आठवलं आणि लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. म्हणजे तुझ्याकडे तास कमी असतील तर हे तुझ्यासाठी सोन्यासारखं आहे: वीस मिनिटं वाच, पुस्तक मिट, कोऱ्या कागदावर काय आठवतंय ते लिही, मग उघडून बघ काय सुटलं. दोन दिवसांनी पुन्हा, वही न बघता. येताना जाताना मनात सुद्धा करता येतं. त्रास होतो, आठवत नाही, वैताग येतो, पण तो वैताग आला म्हणजे अभ्यास चाललाय. आणि बारा वाजता झोप.

स्टॅटिस्टिक्स आता. इथे मला तुला एक गोष्ट सविस्तर सांगायचीये, कारण ही मला कॉलेजात असताना कोणी सांगितली असती तर फार बरं झालं असतं.

१९७० च्या दशकात अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात युरी ट्रिसमन नावाचा एक तरुण गणितात संशोधन करत होता. त्याला दिसलं की तिथले कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅल्क्युलस या गणिताच्या विषयात फार मोठ्या संख्येनं नापास होतायत. त्यानं प्राध्यापकांना विचारलं असं का होतं, तर उत्तरं आली ती तुझ्याही ओळखीची असतील, त्यांच्यात तळमळ नाही, पाया कच्चा आहे, घरी शिक्षणाचं वातावरण नाही, परिस्थिती गरिबीची आहे. ट्रिसमननं मग वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाचे विद्यार्थी घेतले आणि ते अभ्यास कसा करतात हे त्यांच्या मागे मागे फिरून पाहिलं, महिनोन्महिने. आणि ती सगळी उत्तरं खोटी पडली. तळमळ तर भरपूर होती, कितीतरी जण आपल्या शाळेत पहिले आलेले होते, आईवडिलांनी मुलं कॉलेजात जावीत म्हणून सगळं पणाला लावलं होतं. जे सांगितलं होतं ते ही मुलं प्रामाणिकपणे करत होती, वर्गातल्या दर तासामागे दोन तास अभ्यास म्हणजे आठवड्याला आठ तास, खोलीत, एकट्यानं. अडलं तर अजून जोर लावायचा, एकट्यानंच. आणि नापास झालं की वाटायचं आपणच कमी. चिनी मुलं आठवड्याला साधारण चौदा तास देत होती, आधी एकेकटी बसायची आणि मग संध्याकाळी एकत्र जमून एकमेकांची गणितं तपासायची, एखादं कोणालाच सुटलं नाही तर त्यांना कळायचं की हे खरंच अवघड आहे, आपल्यात खोट नाही. शिवाय कुठला पेपर कसा येतो, कुठल्या ऑफिसात कोणाला विचारायचं, हेही त्या गप्पांमध्येच कळायचं.

तुझं आणि त्या वीस मुलांचं किती सारखं आहे बघ. शाळेत पहिल्या तिघांत, घरच्यांनी पणाला लावलेलं, आणि दार लावून एकटीनं अभ्यास. आपल्याला एकट्यानं करण्याचाच अभिमान शिकवलेला असतो ना, कुणाकडे हात पसरायचा नाही. शाळेत तो उपयोगीही पडला. कॉलेजात तोच गळफास होतो.

ट्रिसमननं नंतर या मुलांसाठी जे सुरू केलं त्याला त्यानं मागासांचे जादा वर्ग असं काही रूप दिलं नाही, उलट सोपं करून देण्याऐवजी मुद्दाम अवघड गणितं दिली आणि ती गटात बसून सोडवायला लावली. निकाल पार बदलले. तर तू काय कर, वर्गातली दोन-तीन मुलंमुली शोध, सगळ्यात हुशार नको आणि नुसती टाइमपास करणारी पण नको, आणि आठवड्यातून दोनदा दीड-दीड तास बसा. आधी प्रत्येकानं घरून गणितं करून यायचं, अडलेल्यावर खूण करायची आणि बसल्यावर फक्त खुणांवर बोलायचं. कोणी एकानं फळ्यावर शिकवायचं आणि बाकीच्यांनी उतरवून घ्यायचं असं नको, त्यानं काही होत नाही. कोणाला विचारू असं वाटत असेल तर मागच्या सत्रात ज्यांचा तोच विषय राहिला त्यांना विचार. ते तुझ्या विचारण्याची वाटच बघत असतील.

सर विचारतात तेव्हा तू खाली बघतेस. समजतंय मला. चाळीस जणांसमोर हात वर करायला सांगतच नाहीये मी. तास संपल्यावर जा किंवा ते भेटायची जी वेळ देतात त्या वेळेला जा, ती वेळ खरंच विद्यार्थ्यांसाठी असते, मला कितीतरी दिवस वाटायचं की ती वेळ सरांच्या स्वतःच्या कामाची असते आणि आपण त्रास द्यायचा नाही. आणि "सर मला काहीच कळत नाही" असं म्हणू नकोस, त्यावर त्यांनाही काय बोलावं सुचत नाही. गणित घेऊन जा, इथपर्यंत आलं, या पायरीला काय करायचं आणि का करायचं हे कळत नाही, असं बोट ठेवून दाखव. दहा मिनिटांत काम होतं.

बाकीच्यांना सगळं आधीच माहीत असतं, हे मात्र तू अर्धं बरोबर लिहिलंयस. विषय त्यांनाही माहीत नसतो. बाकीचं माहीत असतं, पेपर पुन्हा तपासून मिळतो, उत्तरपत्रिकेची प्रत मागता येते, विषय कधीपर्यंत बदलता येतो, सरांचं शिफारसपत्र कसं मागतात, हे त्यांना घरी जेवता जेवता कळलेलं असतं. अक्कल जास्त असते म्हणून नव्हे, घरात आधी कोणीतरी हे केलेलं असतं म्हणून. निकोल स्टीफन्स, मार्यम हमेदानी आणि मेस्मिन डेस्टिन यांनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला, कॉलेजच्या सुरुवातीला साधारण तासाभराचा एक कार्यक्रम. त्यात सीनिअर विद्यार्थी आपल्याला काय जड गेलं आणि त्यातून कसे निघालो हे आपल्या घरच्या पार्श्वभूमीसकट बोलले, म्हणजे माझे आईवडील शिकलेले नव्हते म्हणून मला हे हे कळायचं नाही, मग मी यांना जाऊन विचारलं, असं. वर्ष संपलं तेव्हा घरातल्या पहिल्याच पिढीच्या आणि बाकीच्या मुलांमधलं मार्कांचं अंतर ६३ टक्क्यांनी कमी झालेलं होतं, आणि त्याचं कारण संशोधकांना दिसलं ते हे की ही मुलं कॉलेजातल्या मदतीचा जास्त उपयोग करायला लागली होती, सरांना भेटायला लागली होती. एक तास, आणि त्यात दुसऱ्यांच्या खऱ्या गोष्टी. तू तुझ्यापेक्षा दोन वर्षं पुढची अशी एक मुलगी शोध, जिच्याही घरी कोणी कॉलेज पाहिलेलं नाही. तिला एवढंच विचार, तुला काय फार उशिरा कळलं?

घरचं राहिलं. मला वाटतं तुझ्या पत्रातली सगळ्यात जड गोष्ट हीच आहे, म्हणून शेवटी घेतली. सगळं छान चाललंय हे तू काळजीपोटी सांगतेस, त्यांना झोप लागावी म्हणून. पण त्यामुळे त्यांचा फोन आला की तुला अभिनय करावा लागतो, मग तू फोन कमी करतेस, मग त्यांना वाटतं पोरगी शिकली आणि दूर गेली. मी हे माझ्या आईबरोबर दोन वर्षं केलं. शेवटी एकदा फोनवर माझा आवाज फुटला आणि मी सांगून टाकलं, विषय राहिलाय म्हणून. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे परत देता येतो ना तो?" बस्स. तिला वाटत होतं मी आजारी आहे आणि लपवतेय. त्यांना कॉलेजचं कळत नाही म्हणून त्यांना आपलंही कळत नाही असं आपण धरून चालतो गं, तसं नसतं.

सांगताना मात्र निकाल आणि उपाय एकदमच सांग. दोन विषय राहिले, ते पुन्हा देता येतात, मी अभ्यासाची पद्धत बदलतेय, आणि परीक्षेपर्यंतचे दोन-तीन महिने मी कमी पैसे पाठवेन, चालेल का. हा शेवटचा प्रश्न खरंच विचार, तुझा तू निर्णय करून गप्प बसू नकोस. काही घरांत ते पैसे थांबवता येण्याजोगे नसतात, औषधाचे असतात, धाकट्याच्या फीचे असतात, तसं असेल तर ते तुला स्पष्ट कळेल आणि मग आपण कामाच्या तासांचं वेगळं गणित मांडू. पण मला खूपदा असं दिसलंय की मुलगी पोट मारून पैसे पाठवतेय आणि आई ते खर्च न करता तिच्याच नावानं बाजूला ठेवतेय, दोघी एकमेकींना न सांगता. आधी विचार तर.

सोडून द्यावं का, या प्रश्नाचं उत्तर मी तुला हो किंवा नाही असं देणार नाही, एवढंच सांगते की निकालाच्या आठवड्यात आणि फीच्या आठवड्यात हा निर्णय घ्यायचा नाही. वर जे लिहिलंय ते एक सत्रभर कर आणि मग बघ. आणि कधी खरंच थांबावं लागलं, कारण तशी वेळ येऊ शकते आणि त्यात काही पाप नाही, तर गायब होऊ नकोस. लेखी अर्ज देऊन रीतसर सुट्टी घेता येते का, विषय मागे घेता येतो का, परत यायची मुदत किती, भरलेली फी धरतात का, हे विचारून, कागद हातात घेऊन थांब. नुसतं यायचं बंद केलं की बहुतेक ठिकाणी कागदोपत्री नापास असं पडतं आणि परतीचं दार अवघड होऊन बसतं, अर्ज देऊन थांबलेल्याला ते उघडं असतं. थांबलेली आणि परत येऊन पूर्ण केलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत, आणि गायब होऊन परतायचं राहून गेलेलीही आहेत, हुशारीत दोघांत काही फरक नव्हता.

"आपल्यासारख्यांचं काम नाही" हे मात्र पुन्हा लिहू नकोस. ते वाचून मला राग आला, तुझ्यावर नाही, पण आला.

या आठवड्यात दोनच गोष्टी कर, बाकीच्या पुढे. एक, तो फीचा अर्ज, शिक्क्यासकट. दुसरी, आज रात्री सरांना हा मेसेज: "सर, मी सेकंड इयरची विद्यार्थिनी. गेल्या सत्रात माझा स्टॅटिस्टिक्स राहिला आहे. मी काही गणितं सोडवली आहेत, ती कुठे चुकतायत हे बघायला तुम्ही मला या आठवड्यात पंधरा मिनिटं देऊ शकाल का? तुम्ही सांगाल त्या वेळेला येईन." शब्द आवडले नाहीत तर बदल, पण पाठव. दोन दिवसांत उत्तर नाही आलं तर पुन्हा एकदा पाठव, लोक विसरतात. आणि ऑफिसात काय म्हणाले ते मला लिही, नाही म्हणाले असतील तर कोण म्हणालं, खिडकीवरचे की आतले, तेही लिही, म्हणजे पुढचा अर्ज कोणाच्या नावानं करायचा ते आपण बघू.

तुझी,
ताई